दुपारचा हात

१

दुपारी एक वाजला की हेड्रिशांच्या घरातली दगड कोरायची चाती थांबायची. थांबायची म्हणजे थांबायचीच. रेघ अर्धी राहिली तरी इर्मेलाने खटका बंद करायचा, दगड पुसून काचेच्या पेल्याखाली झाकायचा, हात धुवायचे आणि स्वयंपाकघरात वडिलांसमोर उकडलेल्या बटाट्यांचं ताट ठेवायचं. जेवण झालं की आपल्या वरच्या खोलीत जायचं आणि तीन वाजेपर्यंत खाली फिरकायचं नाही. दुपारी सगळं इडार गावच पेंगतं, शेजारपाजारची यंत्रंही गप्प असतात. पण या घरातला नियम गावापेक्षा कडक होता आणि तो आल्विन हेड्रिश यांनी घातलेला होता, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नसे.

इडारमध्ये घराघरात दगडाचं काम. कुणी पैलू पाडतो, कुणी मण्यांना भोकं पाडतो, कुणी नुसता माल पारखून भाव सांगतो आणि त्यावरच घर चालवतो. प्रत्येकाला आपलं काम वरचढ आणि शेजाऱ्याचं हलकं वाटतं. आल्विन कोरणारे होते, अकीकात चेहरे आणि शिक्क्याच्या मुद्रा कोरणारे. बाकी सगळे त्यांच्या लेखी हमाल. इर्मेला कॉलेजात रत्नपरीक्षा शिकून आली होती. "दगडाला ताप आलाय का ते बघायला शिकलीय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

खोल कोरणीचं काम उलटं असतं. दगडात जितकं खोल जाल तितकं ठशात उंच येतं, आणि दगडातला डावा गाल ठशात उजवा होतो. तेलाने माखलेल्या त्या खळग्याकडे नुसतं बघून चेहरा कळत नाही. काळ्या मेणाच्या गोळीवर दगड दाबायचा, उचलायचा, आणि मग बघायचं आपण काय करून ठेवलंय ते. आल्विन संध्याकाळी एकदाच ठसा घेत आणि इर्मेलाही इतकी वर्षं तेच करत आली होती. पण या वेळचं काम मोठं होतं, एका माणसाचा चेहरा. कॉलेजातली सवय उफाळून आली आणि ती जेवायला जाण्याआधीही एक ठसा घेऊन खिडकीच्या फळीवर मांडू लागली.

"मेणबत्त्यांचं दुकान काढणार आहेस काय?" वडिलांनी विचारलं.

"खात्री असलेली बरी, बाबा."

"खात्री बोटांत असते. फळीवर नसते."

कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणाऱ्यांपैकी ती होती. म्हणूनच एके दिवशी तीन वाजता खाली आल्यावर, काम सुरू करण्याआधी, तिने आणखी एक ठसा घेतला. दुपारच्या ठशात नाकपुडी जरा जाड वाटली होती. पुन्हा बघावं, एवढंच.

नाकपुडी जाड नव्हती. कडेला नखाच्या कोरीइतकी बारीक वळी होती. हे नाक आता श्वास घेणार, असं वाटायला लावणारी.

तिने दोन्ही ठसे दिव्याखाली धरले. दुपारच्या ठशात तिथे वाटाण्यासारखा ओबडधोबड उंचवटा होता आणि दुसऱ्यात ती वळी. मधल्या वेळात तिने बटाटे खाल्ले होते आणि वर पडून छताकडे बघितलं होतं.

मेण गरम असेल, ती स्वतःशी म्हणाली. दगड जास्त दाबला गेला असेल. आणि तिने खटका दाबला.

२

काम माउराट बाईंचं होतं. थेक्ला माउराट, पलीकडच्या टेकडीवरच्या मोठ्या घरातल्या. नवरा वसंतात गेला. आता मुलाच्या लग्नाआधी नवऱ्याचा चेहरा कोरलेली अंगठी त्यांना हवी होती, काळ्यावर निळसर थर असलेल्या अकीकात, जुन्या पद्धतीने. फोटो एकच होता, तोही एका बाजूने काढलेला.

"तुम्हीच करणार ना, उस्ताद?" बाईंनी विचारलं होतं.

आल्विनचा उजवा हात दोन वर्षं मांडीवर पडून होता. अर्धांगाच्या झटक्यात गेलेला. ते काठी टेकत घरातल्या घरात फिरत आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपत. "ती करेल," त्यांनी हनुवटीने इर्मेलाकडे दाखवलं. "सहा वर्षं तीच बसतेय. तुमच्या भाच्याची मुद्रा तिनेच केली."

"अगं बाई! ती मुद्रा तर काय सुंदर आहे," माउराट बाई म्हणाल्या. त्या दिवशी इर्मेला संध्याकाळपर्यंत हवेत होती.

बाई गेल्यावर वडिलांनी मात्र सरळच सांगितलं. "हे त्यांना पसंत पडलं तर सगळं तुझ्या नावावर करतो. कामाची खोली, यंत्रं, घर. नाही पडलं तर शेजारच्या गावचा तो माणूस यंत्रं मागतोच आहे. त्याला देऊन मोकळा होतो, आणि तू शहरात जा, बस दगडांना थर्मामीटर लावत."

"आणि दारावरची पाटी?"

"पाटीचं काय?"

पाटीवर 'हेड्रिश आणि पुत्र' असं होतं. पुत्र म्हणजे योस्ट, इर्मेलाचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी बर्फात त्याची मोटारसायकल घसरली आणि पाटी तशीच राहिली. योस्ट कॉलेजात गेला नव्हता. चौदाव्या वर्षी तो डावखुरा पोर या चातीवर बसला आणि विशीत त्याचं काम बघायला लांबलांबची माणसं येऊ लागली. अवघड वळण आलं की तो टाचेने स्टुलाच्या दांडीवर टकटक करायचा, बाकी तोंडातून शब्द नाही.

"तू शिकलीस," वडील एकदा पिऊन म्हणाले होते, "त्याला येत होतं."

हे वाक्य त्यांना दुसऱ्या दिवशी आठवलंही नसेल. इर्मेला मात्र ते रोज सकाळी चातीचं टोक बसवताना ऐकायची. टोक असतं मोहरीएवढं, लोखंडाचं. त्याला तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावायची आणि लाखेने दांडीवर चिकटवलेला दगड दोन्ही हातांत धरून त्या फिरत्या टोकाखाली न्यायचा. टोक हलत नाही, दगड हलतो. दचकणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे, आणि इर्मेला दाराची कडी वाजली तरी दचकायची. वडील तिला 'ससा' म्हणत. प्रेमाने नव्हे.

३

तोंड तिला जमत नव्हतं. फोटोतल्या माणसाचे ओठ मिटलेले होते, पण नुसते मिटलेले नव्हते, काहीतरी दाबून धरलेलं होतं तिथे. तिने दोनदा रेघ घेतली आणि दोन्ही वेळा ठशात कुठल्यातरी बँकेच्या कारकुनाचं तोंड आलं. पुढे जायची भीती वाटायला लागली. दगडातून काढता येतं, परत घालता येत नाही. आख्ख्या धंद्यात एवढा एकच नियम खरा.

तेवढ्यात फोन वाजला.

ती दचकली. हातातला दगड केसभर सरकला आणि टोकाने कानशिलापासून भुवईपर्यंत सरळ ओरखडा काढला.

फोन चुकून लागलेला होता. इर्मेलाने तो ठेवला आणि खटका बंद केला. मग ठसा घेतला. मेणात भुवईवर ओरखड्याची बारीक धार उभी होती, चेहऱ्यावर चाबूक बसल्यासारखी. एवढा थर खाली उतरवून पुन्हा सगळा चेहरा बसवायचा, तर निळा रंगच निघून गेला असता. काम संपलं होतं. घर गेलं होतं.

जेवताना तिने बटाटे नुसते कुस्करले. वडिलांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं, ससा?"

"काही नाही."

"मग वर जा. एक वाजून गेला."

वर ती पालथी पडून रडली. रडता रडता डोळा लागला असावा. तीन वाजता खाली उतरताना तिने वाक्य तयार ठेवलं होतं, बाबा, माझ्या हातून दगड गेला. पण ते बोलायच्या आधी, ती कुलूप ओढून बघणारी म्हणून, तिने पेला उचलला, दगड मेणावर दाबला आणि उचलला.

ओरखडा नव्हता.

कानशील गुळगुळीत होतं. आणि खाली ओठ मिटलेले होते, डावा कोपरा किंचित आत घेतलेला, एखादी तिखट गोष्ट बोलायची की गिळायची ते ठरवणाऱ्या माणसासारखा.

तिने दगड भिंगाखाली घातला. तेल पुसलं, स्पिरिटने पुसलं, पुन्हा पुसलं. मग दुपारचा ठसा हातात घेऊन ओरखड्याच्या धारेवर नख फिरवलं. धार होती. दगडात तिची खाच नव्हती.

कुणीतरी येऊन तोंड कोरून गेलं, एवढं मन कसंबसं मानलं असतं. मीच झोपेत उठून केलं असेन, असंही तिने धरून बघितलं. पण ओरखडा? दगड वाढत नाही. जखम भरून यायला दगड म्हणजे कातडी नव्हे.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसली आणि ती दिसली नसती तर बरं झालं असतं. प्रत्येक कोरणाऱ्याची रेघ वेगळी असते, चालीसारखी. इर्मेलाच्या रेघा उजवीकडून डावीकडे उतरत. हनुवटीवर त्या तशाच होत्या. ओठांवरच्या मात्र डावीकडून उजवीकडे चढत गेल्या होत्या.

घरात डावखुरा एकच होता.

४

"आता कुठे हात बसला तुझा," आल्विन म्हणाले. ठसा त्यांनी डाव्या हातात घेतला होता आणि अंगठ्याने ओठ चाचपत होते. "हे तोंड बघ. याला म्हणतात तोंड."

एकतीस वर्षांच्या आयुष्यात वडिलांनी केलेलं हे पहिलं कौतुक. तोंड माझं नाही, असं म्हणायला इर्मेलाने ओठ उघडले आणि म्हणाली, "थँक्यू, बाबा."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिने चातीची सगळी टोकं लाकडी ठोकळ्यासकट उचलली आणि एप्रनमध्ये गुंडाळून वर नेली. शिवाय मीटरशेजारचा खटका पाडून ठेवला. आता खाली ना वीज होती, ना टोक. पलंगावर ठोकळा मांडीत घेऊन ती बसली. समोरच्या टेकडीवर धुकं उतरलं होतं. खाली वडिलांच्या खोलीचं दार लागलेलं ऐकू आलं आणि मग घर शांत झालं.

आवाज सुरू झाला तेव्हा आधी तिला वाटलं डास आहे. नोव्हेंबरात डास कुठला?

मोटरची घरघर नव्हतीच. नुसता दगडाचा आवाज होता, लोखंडाला घासणाऱ्या दगडाचा, बारीक, ओलसर. कोरणारे या आवाजावरच काम करतात, डोळ्यांवर नाही. टोक कुठल्या थरात आहे, वळण सुटलंय की धरलंय, सगळं कानाला कळतं. इर्मेलाला कळत होतं. खाली कुणीतरी पापणी करत होतं. घाई नव्हती. एक लांब रेघ, थांबा, एक लांब रेघ. मग आवाज चढला, अवघड जागा आली, आणि स्टुलाच्या दांडीवर टाच वाजली. टक. टक टक.

मांडीतल्या ठोकळ्यात सगळी टोकं जागच्या जागी होती. तिने मोजली, पुन्हा मोजली, कारण मोजत असताना दुसरं काही करावं लागत नाही.

तीन वाजता ती खाली आली तेव्हा आल्विन कामाच्या खोलीच्या दारात उभे होते. फळीवरचे दुपारचे ठसे त्यांनी एकत्र चिरडून एक गोळा केला होता.

"उद्यापासून ही थेरं बंद," ते म्हणाले. "दुपारचा ठसा घ्यायचा नाही. टोकं वर न्यायची नाहीत."

"तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बाबा, या खोलीत दुपारी कोण बसतं?"

आल्विननी मेणाचा गोळा मेजावर ठेवला. "जो बसायचा तोच बसतो. तो गेल्यावर माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता, तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दार उघडायला गेलो तर आवाज बंद. मग म्हटलं, नको उघडायला. जाऊ दे. घर गप्प ठेवलं की येतो तो."

"म्हणजे आधीपासून?"

"तुला काय वाटलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते बोलत होते ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "सहा वर्षं माल जातोय या घरातून. लोक नावाजतात. तुला वाटलं तुझं नावाजतात?"

"माउराट बाईंच्या भाच्याची मुद्रा..."

"सकाळी तू करायचीस. दुपारी तो नीट करायचा. तू संध्याकाळी एकच ठसा घ्यायचीस, तुला कुठून कळणार? बरं चाललं होतं. तू खूश, तो खूश."

"आणि तुम्ही?"

"मला काय," म्हातारा म्हणाला, "मला त्याचा आवाज ऐकू येतो."

५

नावाजलेलं एकेक काम इर्मेलाला रात्रभर आठवत राहिलं. ते मुकुट घातलेलं घुबड. ती धर्मगुरूंची अंगठी, जिचा ठसा तिने उशाशी ठेवला होता. उशाशी! सहा वर्षं ती भावाच्या कामाला आपलं समजून कुरवाळत होती आणि खाली म्हातारा मनात हसत होता. हसत नसेलही. हसला असता तर बरं, इतकं तिला जिव्हारी लागलं होतं.

माउराट बाईंच्या कामात आता फक्त कान उरला होता.

शुक्रवारी शेजारीण डिलबाई आल्विनना गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेली. जाताना ते गाडीच्या खिडकीतून म्हणाले, "एकला वर जायचं. ऐकलंस?"

"हो, बाबा."

ती वर गेली नाही. मोटर बंद केली, दिवा चालू ठेवला आणि दगड दोन्ही हातांत धरून, टोकाखाली नेऊन, चातीसमोर बसून राहिली. चर्चची घंटा वाजली. रस्त्यावरून कुणाच्या तरी बुटांचा आवाज गेला आणि मग तोही नाही. खोलीत तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता, नेहमीचाच. मी बसलेली आहे, ती मनात म्हणाली, जागा भरलेली आहे, आज कुणी येणार नाही.

चाती फिरली नाही, ती चातीकडेच बघत होती. तरी आवाज सुरू झाला, कानात नव्हे, मनगटाच्या हाडांत. आणि तिच्या हातातला दगड हलायला लागला. बाराखडी गिरवणाऱ्या पोराचा हात वरून कुणी धरावा, तसा.

तिच्या डाव्या अंगठ्यावर भार आला.

इर्मेलाने मान वळवली नाही. दिव्याचा उजेड मेजावर गोल पडला होता आणि त्या गोलाच्या आत तिचे दोन हात होते. तिच्या अंगठ्यावर आणखी एक अंगठा होता. नखाच्या कडेला काळ्या तेलाची रेघ, पेरावर चीर पडलेली, हिवाळ्यात पडते तशी. तो गार नव्हता, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली. तो कामात असलेल्या माणसाच्या हातासारखा गरम होता. मनगटाच्या पुढे उजेड संपत होता.

आयुष्यभर ती कडी वाजली तरी दचकली होती. आता दचकली असती तर दगड गेला असता. ती दचकली नाही.

"योस्ट," ती म्हणाली. "कान राहू दे. कान मला करू दे. सगळं तुझंच आहे, बाबाही तुझेच आहेत. एवढा एक कान माझा असू दे."

दगड थांबला. तो गरम अंगठा तसाच तिच्या अंगठ्यावर राहिला, बराच वेळ, विचार करत असल्यासारखा. मग भार उतरला. मागे लाकूड करकरलं, कुणी उठताना करकरतं तसं. दार उघडलं नाही, पाऊल वाजलं नाही.

इर्मेलाने मोटर चालू केली आणि कान कोरला. एकटीने, एका बैठकीत. ठसा घेतला तेव्हा कान तिथे होता, थोडा कडक, पण सरळ, प्रामाणिक. तिला तो आवडला. त्याच्याकडे बघून ती हसली सुद्धा.

६

माउराट बाईंनी ठसा खिडकीपाशी नेला, आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"अस्संच करायचे हे!" त्या म्हणाल्या. "भांडण काढायच्या आधी अस्संच तोंड करायचे, मेले. फोटोत कुठे दिसतंय हे? तुला कसं कळलं गं?" डोळे पुसून त्यांनी ठसा पुन्हा उजेडात धरला, आणि मग कपाळावर बारीक आठी आली. "कान जरा परका वाटतो, नाही का? दुसऱ्याच कुणाचा आणून लावल्यासारखा. जाऊ दे. चालेल. कानाकडे कोण बघतंय."

चालेल. इर्मेलाने तो शब्द गिळला. सगळ्या कामात तिच्या वाट्याला आलेला तेवढाच होता.

बाईंची गाडी उतारावरून गेल्यावर आल्विन वळले. "कान कधी केलास?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी केव्हा?"

तिने मेजावरचं तेल पुसायला घेतलं.

"काय बोललीस त्याच्याशी?" काठी फरशीवर आपटली. "काय सांगितलंस माझ्या पोराला?"

"एवढं माझं असू दे म्हटलं."

आल्विन तिच्याकडे बघत राहिले. मारतील, असं तिला वाटलं. पण ते फक्त खुर्चीत बसले. शब्द दिला होता म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही करून सगळं तिच्या नावावर केलं. "घे," ते म्हणाले, "सगळं तुझं. बघू काय करतेस."

त्यानंतर दुपारी खाली आवाज झाला नाही. ठसे आता वडीलच मागत, दुपारचा एक आणि तीनचा एक, आणि दोन्हींवरून अंगठा फिरवून काही न बोलता ठेवून देत. दोन्ही सारखेच असत. एका कुळाची मुद्रा झाली, एक हरणाचं डोकं झालं. गिऱ्हाइकं घेऊन गेली, चालेल म्हणाली. इर्मेला आपल्या नावाच्या खोलीत आपल्या हाताने काम करत होती आणि ती खोली इतकी रिकामी होती की खटका दाबायला जीव धजायचा नाही.

मग म्हातारा दुपारी स्वतःच तिथे जाऊन बसू लागला. ती वर पडलेली असायची आणि खालून त्यांचं बोलणं यायचं. सुरुवातीला दटावणं असे. "पुरे झाला रुसवा. ये." पुढे आवाज खाली उतरला. "ती वरच आहे. येत नाही ती खाली, मी बघतो ना. तू बस." उत्तर कधी आलं नाही. नाताळ आला तसा बाजार भरला, पहाटे दंव गोठू लागलं, आणि ते बोलतच राहिले.

एका दुपारी ते म्हणाले, "मग काय करू, ते तरी सांग."

इर्मेला पलंगावर उठून बसली. खाली शांतता होती, पण नुसती नव्हे. कुणी बोलत असताना ऐकणारा जसा गप्प असतो, तशी.

"नाही," आल्विन म्हणाले. "ते नाही."

पुन्हा ते ऐकत असल्यासारखे गप्प. या वेळी खूप वेळ.

"तिला दुखणार नाही ना?"

इर्मेलाने दाराच्या कडीकडे बघितलं.

"बरं," म्हातारा म्हणाला. "बरं. तसं तर तसं."

आणि खाली आवाज सुरू झाला. बारीक, ओलसर, एक लांब रेघ, थांबा, एक लांब रेघ. सगळ्यात आधी तिला हायसं वाटलं. लाज वाटण्याइतकं हायसं वाटलं. घर पुन्हा घरासारखं झालं होतं. मग तिला जिन्यावर काठी ऐकू आली.

रेघ चालूच होती. काठी वर येत होती, एकेका पायरीवर दम घेत. दोन वर्षांत ते एकदाही वर आले नव्हते. काठी दारापाशी थांबली आणि दारावर बोटाच्या पेराने हलकेच वाजलं.

"इर्मेला," ते म्हणाले. "बाळा, जागी आहेस ना? दार उघड."

इतक्या मऊ आवाजात ते आजवर एकाच पोराशी बोलत आले होते. काय ठरलं होतं खाली, तिला माहीत नव्हतं. दार उघडू नये एवढं मात्र तिला नीट कळत होतं, हाडांत कळत होतं.

"बाळा," वडिलांनी पुन्हा हाक मारली.

"आले, बाबा," ती म्हणाली, आणि कडी काढायला उठली.